पायावरचा १८९६: कारखान्यातल्या तीन जुन्या मशिनांच्या नोंदी

२ सप्टेंबर २०२४

विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ओसरून चार दिवस झाले. बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या लाकूडकामाच्या कारखान्यात ते कमरेपर्यंत चढलं होतं. भिंतीवरची चिखलाची रेघ मी टेपनं मोजली, तीन फूट दोन इंच, आणि शेजारी खडूनं तारीख लिहिली. सागाच्या फळ्या फुगल्या, प्लायचा साठा गेला. मशिनं जागची हलली नाहीत, पण तिन्ही बुडून होती.

काका दारातच उभे राहिले. वय ७९, चिखलात पाय ठेवायला मी देत नव्हते. "रंधा वाचेल ना गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

वाचवायचा तर पूर्ण खोलावा लागेल. रंधा (लाकूड तासून सपाट करायचं मशीन), बँडसॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीची करवत) आणि आजोबांनी घेतलेली अमेरिकन टेबल सॉ (टेबलातून वर येणारी गोल करवत), तिन्ही. आणि खोलणारच आहोत तर प्रत्येकाचं जन्मसाल एकदा नीट ठरवायचं, असं मी आज ठरवलं. घरातली समजूत अशी: रंधा १८९६ चा, कलाभवनातून आलेला. बँडसॉ जर्मन. टेबल सॉ "लढाईतली", म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली. लहानपणापासून हे ऐकत आले आहे. कलाभवनाच्या त्याच इमारतीत मी पुढे इंजिनियरिंग शिकले, त्यामुळे रंध्याची गोष्ट मला स्वतःचीच वाटायची. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य, आणि सुतारकाम तिथे शिकवलं जायचं. १८९६ त्यात छान बसतं.

काकांचा पुरावा म्हणजे रंध्याच्या पुढच्या पायावर बिडातच, म्हणजे ओतीव लोखंडातच, ओतलेले उठावदार आकडे. १, ८, ९, ६.

५ सप्टेंबर

गंज काढायची पद्धत ठरवली. पॉलिश पेपर आणि ग्राइंडर कुणीही हातात घ्यायचा नाही, मिस्त्रींना दोनदा सांगितलं. पंचानं ठोकलेला आकडा फार खोल नसतो. जोरात एक हात फिरला तर नंबर कायमचा जातो.

छोटे भाग प्लॅस्टिकच्या पिंपात, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर मशिनच्या भागाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पट्टीला. ही पट्टी स्टेनलेसची असू नये, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी आहे. रात्रभरात गंज काळा, भुसभुशीत होतो आणि नायलॉनच्या ब्रशनं निघतो. खालचं लोखंड जसंच्या तसं राहतं. शेडची दारं उघडी ठेवायची, कारण हायड्रोजन सुटतो.

पितळी पाट्यांना हे लावायचं नाही. रंध्याची नेमप्लेट रॉकेलमध्ये भिजत घातली आहे. तिच्यावर काय आहे ते मी आजवर वाचलेलंच नव्हतं, कारण पन्नासहून जास्त वर्षं दर खंडेनवमीला तिच्यावर हळद-कुंकू आणि तेल चढलं आहे. थर नखाएवढा जाड आहे.

९ सप्टेंबर

आज जे दिसलं ते काकांना कसं सांगू, याचा विचार दुपारभर करत होते.

पुढच्या पायाचा रंग सोड्याच्या पाण्यात सुटला. १८९६ आहेच, स्वच्छ. मग मागचा पाय धुतला. त्याच जागी, त्याच वळणाचे आकडे: १८९७. टेबलाखालच्या ब्रॅकेटवर १९०३. लाकूड टेकवून सरकवायच्या कुंपणाच्या पट्टीच्या पाठीवर १९११.

एकाच मशिनचा पुढचा पाय १८९६ साली आणि मागचा १८९७ साली ओतला जात नाही. हे भागांचे नंबर आहेत. साच्यासाठी लाकडाचा जो पॅटर्न करतात, त्यावर नंबर चिकटवलेला असतो, म्हणजे ओतशाळेत कुठला भाग कुठल्या मशिनचा ते कळतं. वाळूत त्याचा खड्डा पडतो आणि बिडात तो उठून येतो. म्हणून पहिला नियम वहीत मोठ्या अक्षरात: उठावदार आकडा पॅटर्नचा, खोल ठोकलेला आकडा मशिनचा. त्या पॅटर्नवरून निघालेल्या शंभर पायांवर १८९६ च असेल.

काही कारखाने खरोखरच ओतल्याची तारीख बिडात उठवत असत. मग ओळखायचं कसं? एकच भाग बघून थांबायचं नाही. आकडे भागाभागाला बदलतात का, ओळीने चढतात का, हे पाहायचं. आमचे चढतात.

संध्याकाळी गणपतीच्या आरतीनंतर काकांना चारही भागांचे फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून चारही पाहिले, मग परत पहिला पाहिला. म्हणाले, "म्हणजे मी पन्नास वर्षं लोकांना पायाचा नंबर सांगत होतो."

मी म्हटलं, "काका, मीही सांगत होते."

११ सप्टेंबर

पाटी उघडली. ए. रॅन्सम अँड कंपनी, न्यूअर्क-ऑन-ट्रेंट, इंग्लंड.

मला फार आनंद झाला. ही कंपनी आधी लंडनच्या चेल्सी भागात होती आणि १९०० च्या सुमारास न्यूअर्कला गेली. पाटीवर न्यूअर्क आहे, म्हणजे मशीन एकोणिसाव्या शतकातलं नाही. पायाच्या १८९६ बद्दल जी शंका उरली असती तीही यातून मिटते.

कुठल्याही जुन्या मशिनवर पत्ता हा सर्वात सोपा आणि सर्वात दुर्लक्षित पुरावा असतो. कंपनीचं नाव, भागीदार, लिमिटेड आहे की नाही, गाव: यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी बदललेली असते, आणि बदलाचं साल सापडणं नंबरांची यादी सापडण्यापेक्षा खूप सोपं असतं.

पाटीवर नंबरासाठी वेगळी चौकट आहे. तिच्यात आकडे होते, पण कुंकवाखालच्या ओलाव्यानं तिथलं पितळ खाल्लं गेलं आहे. पहिले दोन वाचता येतात, पुढचं नाही.

२२ सप्टेंबर

विसर्जनानंतर पहिल्यांदा कारखान्यात दिवसभर बसता आलं.

रंध्याच्या टेबलाच्या कडेला इंग्रजी ठोकीव अक्षरं: जी.बी.एस.आर., आणि पुढे ४७. काका हे ४७ सुद्धा साल समजत होते, स्वातंत्र्याचं. पण ही अक्षरं गायकवाड्स बरोडा स्टेट रेल्वेची, आणि ४७ हा त्यांच्या वर्कशॉपच्या मालमत्तेचा क्रमांक असणार. पंच वेगळे आहेत, अक्षरं किंचित वाकडी, मशीन इथे आल्यावर कुणीतरी हातानं ठोकलेली.

म्हणजे रंधा कलाभवनातून आलेला नाही, रेल्वेतून आला. डभोई-मियागाम मार्गावर १८६२ मध्ये सुरुवातीला बैल डबे ओढत असत, त्या नॅरोगेजच्या जाळ्याचा हा वंशज. त्या काळच्या डब्यांची चौकट, बाकं, दारं, खिडक्या सगळं लाकडी असायचं. प्रतापनगरच्या बाजूला रेल्वेत काम केलेली माणसं आमच्या वाडीतल्या जुन्या घराभोवती कितीतरी होती. काकांनी १९७१ मध्ये हा रंधा एका भंगारवाल्याकडून घेतला आणि कलाभवनाची गोष्ट त्या भंगारवाल्यानंच सांगितली होती.

हा ठसा कामाचा आहे, कारण तो दुसऱ्या बाजूनं कुंपण घालतो. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि संस्थानची रेल्वे त्याच वर्षी बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेमध्ये गेली. त्यानंतर जी.बी.एस.आर. ठोकायला कुणी उरलं नाही. तर रंधा १९०० नंतरचा आणि १९४९ आधीचा. पन्नास वर्षांची पट्टी आहे, पण दोन्ही टोकं पक्की आहेत.

वहीत आजपासून दोन रकाने: 'पक्कं' आणि 'बहुतेक'. दुसऱ्यातलं पहिल्यात उचलून टाकायचं नाही.

२९ सप्टेंबर

सीरियल नंबराबद्दल सगळं एकदा लिहून ठेवते, कारण मिस्त्रींनी आज विचारलं, "बेन, नंबर मळी जाय एटले वरस मळी जाय ने?" नंबर मिळाला की साल मिळालंच, असं त्यांना वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

नंबर हा नुसता मोजणीचा क्रम असतो. तो साल सांगतो तो कारखान्याची नोंदवही हाताशी असेल तरच. बऱ्याच कारखान्यांच्या वह्या कंपनी विकली गेली तेव्हा गेल्या. मग जुन्या मशिनांचे शौकीन काय करतात, तर खुंट्या ठोकतात. कुणाकडे मशीन आहे, त्याचा नंबर आहे आणि खरेदीची मूळ पावती आहे: ही एक खुंटी. अशा वीस-पंचवीस जमल्या की मधल्या नंबरांचं साल अदमासानं काढता येतं. पण दोन खुंट्यांमध्ये सरळ दोरी ताणायची नाही. १९२९ नंतरच्या मंदीत मशिनं कमी बनली, लढाईच्या वर्षांत काही कारखान्यांत दुप्पट बनली. पाचशे नंबर कधी चार वर्षांत भरतील, कधी आठ महिन्यांत.

शिवाय पहिलं मशीन क्रमांक १ नसतं. १०१ किंवा १००१ पासून सुरुवात करायची रीत होती. गिऱ्हाइकाला कारखाना नवखा वाटू नये. काही ठिकाणी सगळ्या मॉडेलांचा क्रम एकच, काही ठिकाणी प्रत्येकाचा वेगळा. लेस्टरच्या वॉडकिनच्या मशिनांवर नंबराआधी मॉडेलची अक्षरं असतात, ती बाजूला काढल्याशिवाय दोन नंबर ताडून बघण्यात अर्थ नसतो. आणि पाटीवर छापलेला नंबर कधी ऑर्डरचा असतो, कधी आयात करणाऱ्या दुकानदाराचा.

नंबर कुठे शोधायचा हेही. रंगाखाली नाही, कारखाना नंबर ठोकतो तो मशिनिंग केलेल्या, गुळगुळीत जागी. टेबलाची कड, बेडचं टोक, बेअरिंगच्या टोपीची सपाट बाजू, शाफ्टचं तोंड. रात्री दिवे बंद करून टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. खडूची पूड चोळून वरची पुसली की खड्ड्यात पांढरं राहतं. पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की कधीकधी डोळ्याला न दिसलेला आकडा कागदावर येतो.

आज रात्री या पद्धतीनं टेबलाच्या मागच्या कडेवर पाच आकडे मिळाले. चौथा ३ आहे की ८, ते कळत नाही. पाटीवरचे पहिले दोन मात्र जुळले.

६ ऑक्टोबर

आजचा दिवस कटर ब्लॉकचा, म्हणजे पाती बसवलेल्या फिरत्या ठोकळ्याचा. रंध्याचा जीव तिथेच.

जुन्या रंध्यांमध्ये ब्लॉक चौकोनी असायचा, चार बाजूंचा लोखंडी ठोकळा, त्यावर पाती बोल्टनं आवळलेली. चौकोन फिरताना त्याच्या कोपऱ्यांना जागा द्यावी लागते, म्हणून दोन टेबलांमधली फट रुंद ठेवावी लागते, आणि लाकूड उसळलं की हात थेट त्या फटीत ओढला जातो. बोटं जायची, कधी पंजा जायचा. काकांना ज्यांनी काम शिकवलं त्या वस्तादांच्या उजव्या हाताला दोनच बोटं होती. काका आजही त्यांचं नाव घेताना आवाज खाली आणतात. गोल ब्लॉकमध्ये पाती दंडगोलाच्या पोटात बसतात, धार जेमतेम बाहेर असते, फट अरुंद राहते. अपघात झाला तरी जखम टोकाशी थांबते.

ब्रिटनमध्ये १९२२ च्या वुडवर्किंग मशिनरी नियमांनी हातानं लाकूड सरकवायच्या रंध्यांना गोल ब्लॉक सक्तीचा केला. आमचा ब्लॉक गोल आहे. पटकन वाटतं, चला, १९२२ नंतरचा! पण तसं लिहिता येत नाही. नियम ब्रिटनच्या कारखान्यांना होता, बडोद्याला नव्हता. इकडे चौकोनी ब्लॉकचं मशीन नंतरही पाठवता आलं असतं. आणि गोल ब्लॉक नियमाच्या आधीच बाजारात आला होता. शिवाय जुन्या मशिनमध्ये चौकोनी काढून गोल बसवायची पद्धत सर्रास होती.

तर प्रश्न असा: हा ब्लॉक या मशिनचाच आहे का? शाफ्टचं तोंड घासून पुसलं. खडू. टॉर्च. मशिनच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे तिथे ठोकलेले आहेत! दोन्ही बेअरिंग टोप्यांवरही तेच तीन, आणि पंचाचं वळण टेबलावरच्यासारखंच. कारखान्यात जुळणी करताना एकमेकांना बसवलेल्या भागांवर असा नंबर ठोकत, म्हणजे दुसऱ्या मशिनची टोपी चुकून लागू नये. ब्लॉक मूळचा आहे.

बेअरिंगचं घर मूळपासून बॉल बेअरिंगसाठीच कातलेलं आहे. जुन्या पद्धतीच्या बेअरिंगसाठी व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू ओततात तेव्हा तो धरून ठेवायला घरात खाचा आणि भोकं ठेवतात, त्यांचा मागमूस नाही. आत मिळालेल्या बेअरिंगवर आर. अँड एम. हे ठसे: रॅन्सम अँड मार्ल्स. रॅन्सम कंपनीचाच बेअरिंगचा धंदा १९१७ मध्ये वेगळा होऊन मार्ल्सबरोबर ही नवी कंपनी झाली, आणि १९६९ मध्ये ती आर.एच.पी. (रॅन्सम हॉफमन पोलार्ड) या कंपनीत विरघळली. म्हणजे बेअरिंग १९१७ ते १९६९ मधलं. लाकूडकामाचं मशीन आणि त्याचं बेअरिंग एकाच गावचं निघावं, हे बघून मी ते पुसलेलं बेअरिंग बराच वेळ हातात धरून बसले.

तरीही हे 'बहुतेक'च्या रकान्यात. बेअरिंग बदलता येतं. रेल्वेनं १९४० मध्ये नवं टाकलं असेल तर मशीन जुनं असू शकतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

काम बंद. रंधा अजून सुट्ट्या भागांत, तरी काकांनी पूजा केलीच: चटईवर ब्लॉक, टोप्या, पाटी ओळीनं मांडून. झेंडूची फुलं, आपट्याची पानं. पाटीजवळ कुंकू नेताना त्यांचा हात थांबला. "इथे नको ना?" मी म्हटलं, पाटीच्या वर बिडावर लावा. त्यांनी तिथे लावलं. मिस्त्री विश्वकर्मा जयंतीची पूजा माघात करतात, पण आज तेही हात जोडून उभे होते.

२० ऑक्टोबर

बोल्ट आणि आटे.

अर्ध्या इंचाचा बोल्ट हा माझा आवडता साक्षीदार. पाच सूत आणि सहा सुताच्या बोल्टांना (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) ब्रिटिश व्हिटवर्थ आणि अमेरिकन या आट्यांच्या दोन्ही पद्धतींत आटे सारखेच, इंचाला ११ आणि १०. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थचे १२ आणि अमेरिकनचे १३. थ्रेड गेज लावलं की मशीन कुठल्या किनाऱ्यावरून आलं ते एका क्षणात कळतं. रंध्याचे १२. टेबल सॉचे १३. बँडसॉचेही १२, त्यामुळे तो जर्मन असल्याच्या गोष्टीला आज पहिला तडा गेला.

दुसरी गोष्ट बोल्टच्या डोक्याची. लढाईत लोखंड वाचवायला १९४१ मध्ये ब्रिटननं व्हिटवर्थ बोल्टांची षटकोनी डोकी एक माप लहान केली. अर्ध्या इंचाच्या बोल्टचं जुनं डोकं समोरासमोरच्या बाजूंत सुमारे २३.४ मिलिमीटर, नवं २०.८. रंध्याचे बेअरिंग टोप्यांचे आठही बोल्ट मोठ्या डोक्याचे निघाले, आणि त्यांच्या बुडाशी सर्वात खालचा करडा रंग अखंड होता, म्हणजे रंगानंतर कधी काढून बदललेले नाहीत.

हा पुरावा भारतात मात्र जपून वापरावा लागतो. व्हिटवर्थचे बोल्ट आपल्याकडे मेट्रिक आल्यावरही कितीतरी वर्षं हार्डवेअरच्या दुकानात मिळत राहिले, अजूनही मागितले तर मिळतात. आटे व्हिटवर्थचे आहेत म्हणून मशीन जुनं, असं इथे म्हणता येत नाही. मूळ रंगाखालचे, एकसारखे, कारखान्याचे बोल्ट असतील तरच बोलायचं.

रंध्याचा हिशेब आजपर्यंत: पक्कं, १९०० ते १९४९. बहुतेक, १९१७ ते १९४१. मुख्य शाफ्टवरून सपाट पट्ट्यानं चालायची फास्ट-लूज पुलीची जोडी (एक मशीन फिरवणारी, दुसरी नुसती मोकळी फिरणारी) सोबत होतीच. काकांनी ती काढून मोटार बसवली आणि पुल्या माळ्यावर ठेवल्या. टाकल्या नाहीत, याबद्दल मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे.

१० नोव्हेंबर

डभोईला जाऊन आले. तिथल्या एका सॉ मिलमध्ये थॉमस रॉबिन्सन अँड सन, रॉचडेल, असं बिडात ओतलेला जुना इंग्लिश बँडसॉ आहे, आणि फोटोवरून तो आमच्या 'जर्मन' बँडसॉचा जुळा भाऊ वाटत होता. आमच्यावर नाव नाही, नंबर नाही, काहीच नाही. मालकांनी चहा दिला आणि दोन तास मशीन बंद ठेवून मला मोजू दिलं.

बिडाची मशिनं बघणाऱ्यानं एक गोष्ट लक्षात ठेवावी: बीड थंड होताना आखडतं, साधारण फुटाला एक सूत. म्हणून पॅटर्न करणारा सुतार तेवढी वाढ धरलेली फूटपट्टीच वेगळी वापरतो. पण कुणी तयार मशिनचाच भाग वाळूत दाबून त्याची नक्कल ओतली, तर वाढ धरलेलीच नसते, आणि नक्कल फुटामागे एका सुतानं लहान निघते.

मशिनिंग झालेली मापं यात निरुपयोगी, ती कातून बरोबर करता येतात. मी मोजल्या त्या नुसत्या ओतलेल्या जागा. डभोईच्या मशिनची मागची बरगडी ४८ इंच. आमची ४७ १/२. चार फुटांना चार सूत. खालच्या पेटीची रुंदी तिकडे २४ इंच, आमच्याकडे २३ ३/४. दोन फुटांना दोन सूत. पुन्हा मोजलं. तेच.

रात्री घरी न जाता थेट कारखान्यात गेले आणि टॉर्च आडवी धरून फ्रेमवर नाव असायची जागा बघितली. कानशीनं घासलेल्या सपाट चट्ट्यात दोन अक्षरांच्या उभ्या रेघांची सावली पडली. डभोईच्या फ्रेमवर त्याच जागी रॉचडेल लिहिलेलं आहे.

आमचा बँडसॉ जर्मन नाही, इंग्लिशही नाही. इथल्या कुठल्यातरी ओतशाळेनं इंग्लिश मशीन समोर ठेवून काढलेली नक्कल आहे. काका म्हणाले, "म्हणजे खोटा?" मी म्हटलं, नाही काका, पन्नासहून जास्त वर्षं सागाचे ओंडके चिरले त्यानं. ज्या ओतशाळेनं तीन फुटी चाकांची चौकट एकही तडा न जाता ओतली, तिथले कारागीर साधे नव्हते. त्यांनी आपलं नाव घातलं असतं तर मी ते आज मोठ्या अक्षरात लिहिलं असतं.

२४ नोव्हेंबर

बँडसॉचं साल. मोटारवर क्रॉम्प्टन ग्रीव्हज, हे नाव १९६६ पासूनचं. पण मोटारखालच्या पट्टीवर बोल्टच्या भोकांचा दुसरा, रिकामा संच आहे, म्हणजे ही मोटार नंतरची. मोटार हा कुठल्याही मशिनचा सर्वात खोटं बोलणारा भाग. जळते, बदलते, दुसऱ्या मशिनवर जाते. तिच्यावरून मशिनचं वय काढू नये.

दाराच्या आतल्या बाजूला दुकानदाराची पत्र्याची पाटी. चाकाचं माप मिलिमीटरमध्ये, कंसात इंच. मेट्रिकचा कायदा १९५६ चा आणि अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं, तेव्हा पाटी त्यानंतरची. पत्त्यात बरोडा आणि पिनकोड नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, शहराचं नाव १९७४ मध्ये अधिकृतपणे वडोदरा झालं. पण छापलेल्या पाट्या संपेपर्यंत लोक वापरतात, आणि बरोडा हे नाव तर बँकेच्या पाटीवर आजही आहे. म्हणून खालचं टोक पक्कं, वरचं बहुतेक: १९५८ ते साधारण १९७५.

८ डिसेंबर

टेबल सॉ लवकर सुटली. पाटीवर डेल्टा, मिलवॉकी, मॉडेल युनिसॉ. हे मॉडेल १९३९ मध्ये बाजारात आलं, त्याआधीची असूच शकत नाही. पाटीवरचे पेटंट नंबर २० लाखांच्या पुढचे. अमेरिकेत २० लाखावं पेटंट ३० एप्रिल १९३५ ला दिलं गेलं, म्हणजे तेही जुळतं. पेटंटच्या यादीत नेहमी सर्वात मोठा नंबर बघावा, मशीन त्याच्या आधीचं नसतं. कंपनी १९४५ मध्ये रॉकवेलनं घेतली, आणि आमच्या पाटीवर रॉकवेलचं नाव कुठेच नाही. मूळ मोटार ६० सायकलची. आपल्या ५० वर ती सहाव्या हिश्शानं सावकाश फिरते, आणि म्हणूनच काका कायम म्हणत आले की करवत "थोडी आळशी आहे".

खरा ठेवा आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत मिळाला. पुरात ट्रंक भिजली, पण कागद तेलकट कापडात होते. मुंबईच्या एका डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराचा जुना माल विकणाऱ्या, दुकानाची पावती, १९४८ सालची, आजोबांच्या नावानं, आणि पावतीवर मशिनचा नंबर. पाटीवर तोच नंबर. लढाईनंतर अमेरिकन फौजेचा माल असाच लिलावात निघाला होता.

१९३९ ते १९४८. 'लढाईतली' ही घरातली गोष्ट तेवढी खरी निघाली. आणि ही आमच्याकडची पहिली खुंटी. डिस्पोजलची पावती मूळ विक्रीची नाही, त्यामुळे ती फक्त वरचं टोक सांगते, तरी नंबर आणि सन एका कागदावर असणं दुर्मीळ. पावती दोन काचांमध्ये ठेवली.

५ जानेवारी २०२५

रंध्याची जुळणी. ब्लॉक बसवला, टोप्या ठोकलेल्या नंबरांप्रमाणे डावी-उजवी. टेबलं समतल करायला पूर्ण दिवस गेला; सरळ पट्टी, कागदाचा कपटा, पुन्हा सैल, पुन्हा आवळ.

जुळणीआधी शाफ्टचं तोंड पुन्हा एकदा पाहिलं. टेबलावरचा चौथा आकडा ३ की ८ याचा निकाल तिथे लागतो, कारण तिथले तीन आकडे जास्त खोल आहेत. कागद ठेवून पेन्सिल घासली. मधल्या आकड्याची डावी बाजू उघडी. ३.

११ जानेवारी

उत्तरायणाच्या आधी सुरू करायचा, असा काकांचा हट्ट. सकाळी मिस्त्रींनी पाती लावली, मी पट्टा बघितला, काकांनी स्विच दाबला. सागाचा पुरात वाचलेला एक तुकडा त्यांनी स्वतः सरकवला. आवाज सारखा, बेअरिंग गार, छिलका अखंड.

वहीत रंध्याचं पान पुरं केलं. रॅन्सम, न्यूअर्क. पक्कं: १९०० ते १९४९. बहुतेक: १९१७ ते १९४१. नंबर पूर्ण, तीन ठिकाणी ताडलेला. नोंदवही नाही. काकांनी पान वाचलं आणि पेन मागितलं. खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ लिहिली: पुढच्या पायावरचा १८९६ हा भागाचा नंबर आहे.